पाना-पकड : खारं पाणी, कापसाचे तंतू आणि जुनी पिकअप

या महिन्याची पत्रं समोर घेऊन बसलो, तर बहुतेकांनी मला सुटा भागच विचारलाय. रेडिएटर बदलू का, बॅटरी बदलू का, स्प्रिंगचा पाटा वाढवू का. एस.टी.च्या डेपोत ३१ वर्षं पाना धरला. आता दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या गावात २००८ सालची पिकअप स्वतःच्या हातानं सांभाळतो. एवढ्या वर्षांत पाहिलं ते असं, की आपल्याकडची जुनी गाडी आपल्या पाण्यानं, आपल्या मातीनं आणि आपण केलेल्या भरतीनंच आजारी पडते. सुटा भाग खराब होतो तो त्यानंतर. म्हणून गाडी कुठं उभी असते, काय वाहते, तिच्यात कुठलं पाणी पडतं, हे आधी पाहून मगच उत्तरं दिली आहेत.

तेल्हारा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र : “भाऊ, गाडी रिकामी असली की काटा मधातच राह्यते. कापूस भरला अन् चढ लागला, नाही तं अकोल्याच्या गर्दीत उभी राह्यली, की लालीत जाते. मिस्तरीनं थर्मोस्टॅट काढून फेकला, म्हने याची गरजच नाही. दोन दिवसाआड पाणी टाका लागते. आता म्हनते नवा रेडिएटर टाका. टाकू काय?”

दादा, थांबा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : “दोन दिवसाआड पाणी टाका लागते.” इंजिनाचं पाणी बंद फेऱ्यात फिरतं. ते संपायला नको. संपतंय म्हणजे कुठून तरी जातंय, आणि तुम्ही त्याच्या जागी बोअरचं पाणी ओतताय. तुम्ही आम्ही राहतो तो खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी जनावरंसुद्धा नाइलाजानं पितात. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र आतच राहतात. पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून त्याचा थर बसतो, अन् तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. माझ्या गाडीचा पहिला रेडिएटर कापून पाहिला होता. वर्षानुवर्षं पाणी तापवलेल्या बंबासारख्या आतल्या नळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, काहींतून तर सुतळीही गेली नसती.

तरी लगेच नवा टाकू नका. सकाळी, गाडी रात्रभर थंड झालेली असताना, पुढून जाळीत पाहा. कापूस वाहणाऱ्या गाडीच्या जाळीत कापसाचे तंतू, बोंडाची साल अन् किडे यांची गोधडीच तयार होते. ती पुढून हातानं ओढू नका, आणखी आत जाते. पंख्याच्या बाजूनं समोरच्या दिशेला, हलक्या धारेनं पाणी मारा. मोटारपंपाची जोरदार धार मारली तर जाळीच्या पात्या आडव्या पडतात, मग हवा जाणारच नाही. पत्रावरून मला वाटतं, तुमचा निम्मा त्रास इथंच असेल. रिकामी चालते अन् भरली की तापते, म्हणजे पाणी फिरतंय, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी पडतेय.

मग टोपण पाहा. त्याच्या खालचा रबर चिरला, नाही तर स्प्रिंग मेली, की दाब धरत नाही. रेडिएटरचं टोपण फक्त झाकण नव्हे. आत साधारण १ बारचा दाब राहिला तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपण मेलं की पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडतं, तुमचं “दोन दिवसाआड” तिथंही असू शकतं. नवं घेताना जुन्यावर जो आकडा कोरलाय तोच घ्या. पंख्याचा पट्टा दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबा, बोटाच्या जाडीइतका दबला तर ठीक. पंप आणि होजच्या सांध्यांवर पांढरी किंवा हिरवट वाळलेली रेघ दिसली, तर गळती तिथंच आहे.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, परत बसवा. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे उन्हाळा लागला की तो काढायची रीतच पडली आहे. तो नसला तर इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त खातं, आतली झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत उघडताना हाच थर्मोस्टॅट दुसरी आडवाट बंद करतो. तो काढला तर काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात परत फिरतं, आणि गाडी उलट जास्त तापते. जुना तपासायचा असेल तर भांड्यातल्या पाण्यात दोऱ्यानं लटकवा आणि पाणी तापवा. उकळी येण्याआधी त्यानं तोंड उघडायला हवं, थंड झाल्यावर मिटायला हवं. त्याच्यावरच किती अंशांना उघडतो ते लिहिलेलं असतं.

यानंतर आतलं धुणं. सगळं पाणी खालच्या नळीनं काढा, चांगलं पाणी भरा, इंजिन गरम होऊ द्या, पूर्ण थंड करा, पुन्हा काढा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, दोन-तीन वेळा. चांगलं पाणी म्हणजे डिस्टिल्ड. ते जास्त लागतं म्हणून धुण्यापुरतं मी पावसाचं वापरतो. जुलैत, पत्रे दोन-चार पावसांत धुऊन निघाले की पन्हाळीखाली दोन कॅन भरून ठेवतो. शेवटी भरायचं ते मात्र कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं. त्यात गंज थांबवणारी द्रव्यं असतात. कूलंट थंडीसाठी असतं, आपल्याला काय करायचं, असं बरेच जण म्हणतात. दादा, ते आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यासाठीच आहे.

जुनं कूलंट गोठ्याजवळ सांडू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू चाटायला वेळ लागत नाही.

एवढं करूनही पाणी कमी होत राहिलं, ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा टोपण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं, काम आहे. मग गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. आणि गरम इंजिनाचं टोपण कधीही उघडू नका. माझ्या डाव्या मनगटावर १९९४ पासून डाग आहे. ओलं पोतं टाकून उघडलं होतं, तरीही.

वरुड तालुक्यातून एक ताई लिहितात : “आमचे हे संत्र्याची गाडी घेऊन घाटातून जातात. ब्रेक पहिल्या पायाला खालीच जातो, दोनदा मारला की लागतो. ते म्हणतात, मला सवय झाली, काळजी करू नको. मला कळत नाही, पण झोप येत नाही. काका, त्यांना काय सांगू?”

ताई, त्यांना हे पान वाचायला द्या. आणि ब्रेक होईपर्यंत गाडी भरू देऊ नका. तुमची काळजी खरी आहे. उतारावर समोर बैलगाडी आली तर दुसरा पाय मारायला वेळ मिळत नाही.

दुसऱ्या पायाला ब्रेक लागतो, याची मुख्य दोन कारणं. मागच्या ड्रममधले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजून ड्रमपासून लांब गेलेत, किंवा ब्रेकच्या नळीत हवा शिरली आहे. तिसरं जास्त वाईट. पाय दाबून तसाच धरला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग, आतून सोडतोय, नाही तर कुठं तरी गळतंय. ही परीक्षा घरासमोर, गाडी उभी असतानाच होते. तुम्ही स्वतः बसून करू शकता.

मग त्यांना मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवायला सांगा. ओलं लागलं तर त्यावर थोडं पाणी टाका. पाण्यानं धुऊन निघालं तर ते ब्रेक ऑइल, चाकाचा सिलिंडर गळतोय. पाण्यानं निघत नाही आणि सडक्या गंधकासारखा वास येतो, तर ते मागच्या धुऱ्यातलं गिअर ऑइल, सील गेलंय. दोन्हींत लायनर भिजतात, आणि भिजलेले लायनर बदलायचेच, पेट्रोलनं पुसून परत लावायचे नाहीत. ड्रम उघडला तर आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू, असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

घाटाचं वेगळं सांगतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. दोन वर्षांत बदललं नाही तर त्यात पाण्याचा अंश चांगलाच वाढतो. भरलेली गाडी उतरताना ब्रेक तापतात, तो अंश उकळून वाफ होतो, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट तळाला. थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठीक वाटतं, म्हणून लोक विसरतात. यावर उपाय म्हणजे दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरणं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं, इंजिन बंद करणं हे तर मुळीच नको. बहुतेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन पाय पुरतो, मग पेडल दगड होतं.

हवा काढायचं काम दोघांचं असतं, आणि तुमच्या घरी दोघं आहात. ते चाकापाशी, तुम्ही पेडलवर. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणावर ऑइलचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, ते लिहिलेलं असतं, तेच आणा, आणि सीलबंद डबाच आणा. इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल एक चमचाही गेलं तर सगळे रबर फुगून काम वाढेल. सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकानं, म्हणजे साधारणपणे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. तुम्ही तीनदा दाबा आणि दाबून धरा, “धरलं” म्हणा. ते निपल अर्धा फेरा सोडतील, पेडल खाली जाईल. पाय उचलायचा नाही. त्यांनी निपल आवळून “सोड” म्हटलं की मगच उचला. पाय आधी उचललात तर हवा परत आत. बाटलीत बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका.

हवा काढून आणि लायनर जुळवूनही पहिल्या पायाला ब्रेक लागला नाही, तर पुढचं काम जाणत्या मिस्त्रीचं. मास्टर सिलिंडर पहिल्यांदाच उघडताय तर घरी उघडू नका, मी माणूस समोर नसताना ते पत्रातून शिकवणार नाही. दुरुस्तीनंतर पहिली चाचणी रिकाम्या गाडीनं, सपाट रस्त्यावर. आणि ताई, मला कळवा. मी वाट पाहतो.

दारव्ह्याहून : सकाळी चावी फिरवली की नुसता टक-टक आवाज, दुपारी मात्र चालू होते. बॅटरी एकाच वर्षाची आहे.

बॅटरीला दोष देण्याआधी टर्मिनल पाहा. पांढरी-निळी बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, तारेच्या ब्रशनं घासा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना आधी अर्थची, म्हणजे उणे बाजूची वायर काढायची, लावताना ती शेवटी लावायची, नाही तर पाना पत्र्याला टेकून ठिणगी उडते. दुसरी जागा लोक पाहतच नाहीत : इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थची पट्टी. तिच्या बोल्टखाली काळी माती अन् गंज भरतो. सोडा, घासून चकचकीत करा, परत आवळा. मीटरनं रात्रीची उभी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १२.२ म्हणजे निम्मीच. स्टार्टर मारताना ९.५ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. साधा मल्टिमीटर पंक्चरच्या सामानाइतकाच गरजेचा आहे, घ्या. पाण्याची बॅटरी असेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड पाणी.

अकोट तालुक्यातून : “उंदरांनी वायरिंग खाल्लं. मागच्या लाइटचा फ्यूज घडीघडी उडते म्हणून चंदेरी पन्नी गुंडाळून लावली. चालते ना?”

नाही. आजच काढा, हे पान वाचून झालं की लगेच.

फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. उंदरानं सोललेली वायर कुठं तरी पत्र्याला टेकतेय. पन्नी वितळत नाही, मग वायर तापते, तिचं प्लॅस्टिक पेटतं. मागच्या लाइटची वायर कुठून जाते? हौद्याखालून, चेसिसच्या कडेनं. आणि वर काय असतं? कापूस. कापूस धुमसत राहतो, ज्वाळ दिसेपर्यंत अर्धी गाडी गेलेली असते. असा जळालेला हौदा मी जवळून पाहिला आहे. ड्रायव्हर वाचला, पण एका घराचं वर्षाचं पीक गेलं. त्या घरच्या म्हातारीनं राखेतून सरकी वेचायचा प्रयत्न केला, ते मी अजून विसरलो नाही.

बॅटरीची उणे वायर काढा. मागच्या लाइटपासून पुढे, हातानं चाचपत या. चावलेली जागा सापडली की तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडा, वरून तापवल्यावर आकसणारी नळी लावा, आणि पत्र्यातून जिथं वायर आरपार जाते तिथला रबर शाबूत आहे का पाहा. नुसती चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते. फ्यूज डब्याच्या झाकणावर लिहिला असेल तितक्याच अँपिअरचा : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडाला म्हणून मोठा लावायचा नाही. सायलेन्सरजवळ सुतळी, पोतं, कापूस अडकला आहे का, तेही भरतीआधी रोज पाहा. सोयाबीन साठवलेल्या खोलीशेजारी गाडी उभी करू नका. उंदीर आधी धान्याला येतात, मग ऊब शोधत बॉनेटखाली जातात. रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवलं तर ऊबही राहत नाही अन् अंधारही. आणि सीटमागे अग्निशामक हवाच.

वणीहून : मागे एक पाटा वाढवला तर जास्त माल बसेल का?

माल बसेल, पण धुरा, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच राहतील. आरसी बुकात लिहिलेलं वजन तुमच्या पाट्यानं बदलत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की फिटनेस प्रमाणपत्र दर वर्षी लागतं, तिथंही अडचण होईल. त्याऐवजी आहेत ते पाटे सांभाळा. यू-बोल्ट आवळा, मधला सेंटर बोल्ट तुटला तर धुरा सरकतो आणि गाडी तिरपी चालते. शॅकलच्या, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या दुव्याच्या, निपलला ग्रीस गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या धुऱ्याला फिरवणाऱ्या दांड्याच्या, सांध्यातल्या क्रॉसलाही. गिअर टाकताना खाली “टण्ण” वाजलं तर क्रॉस खिळखिळा आहे.

खत वाहिल्यावर हौदा गोड्या पाण्यानं धुवा, हे न विचारता सांगतो. युरिया ओल धरतो, पत्र्याच्या जोडात बसतो, अन् दोन पावसाळ्यांत फाळक्याची खालची कड बोटानं तुटते.

शेवटचं पत्र मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका १९ वर्षांच्या मुलाचं. बाबांची जुनी पिकअप त्याच्याकडे आली आहे, गॅरेज १४ किलोमीटर लांब, कुठून सुरुवात करू म्हणतो.

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी जॅक शीक. आपल्या काळ्या जमिनीत, विशेषतः पावसाळ्यात, जॅक बुडतो. खाली निदान दोन इंच जाड, हातभर लाकडी फळी घे. उरलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव. गाडी उचलली की चेसिसखाली सागाचे जाड ओंडके रचून तिचं वजन त्यांच्यावर टेकव. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, एका बोल्टसाठीसुद्धा नाही. विटा चालत नाहीत, त्या अचानक फुटतात.

हत्यारं एकदम घेऊ नको. ८ ते २४ चे रिंग पाने, पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर, ग्रीस गन, मल्टिमीटर, एवढ्यावर वर्ष निघेल. पहिलं काम एअर फिल्टर. आपली माती पिठासारखी बारीक. फिल्टर काढून हवा आतून बाहेर मार, मग अंधारात आत टॉर्च धरून बघ. कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर फेक, तिथून माती थेट इंजिनात जाते, आणि मग निळा धूर. काळा धूर दिसला तर बहुधा फिल्टर तुंबलेला असतो. दुसरं काम डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी सोडणं, कॅनमधून डिझेल भरत असशील तर दर पंधरा दिवसांनी. तिसरं, टायरच्या बाजूला लिहिलेले शेवटचे चार आकडे वाच. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही असो, जुन्या टायरच्या बाजूला चिरा पडल्या की त्यावर भरती करू नकोस.

आणि एक वही कर. बाबांना विचार, शेवटचं ऑइल कधी बदललं होतं. आठवत नसेल तर आजच बदल, तारीख आणि मीटरचा आकडा लिही. मीटर बंद असेल तर मीटरची केबल हे तुझं चौथं काम.

पत्र पाठवताना सगळ्यांनी गाडीचं साल, काय वाहता आणि रेडिएटरमध्ये कुठलं पाणी टाकता, हे तीन लिहा. त्याशिवाय मला नीट सांगता येत नाही.